आठ बोटांची भानगड

आमच्या आणि शेजारच्या वाडीच्या मधे कमरेएवढा गडगा आहे. ज्याने बांधला त्याने हद्द म्हणून बांधला असेल, पण गेल्या तीस वर्षांत त्याचा उपयोग फक्त कोपर टेकायला झाला. परवा सकाळी ओहोटी सरता सरता शेजारच्या वहिनी खाजणातून आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपली गडग्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, आज निवट्या गावल्या. बघा कशा जित्या आहेत."

बघायला वाकतो तोच त्यातली एक उडाली ती थेट आमच्या हद्दीत, जास्वंदीच्या बुडाशी. मी पकडायला धावलो, तर बाई पुढचे दोन पर कुबड्यांसारखे टेकत टुणटुण उड्या मारत अळूच्या खाचरात शिरल्या. तिथून डोक्यावरचे ते बटणासारखे डोळे वर काढून माझ्याकडे रोखून बघायला लागल्या.

"काय चालते बघा!" वहिनी म्हणाल्या. "पाण्यातनं पहिली वर आली ती हीच ना? आमच्या थोरल्याला तुम्हीच शिकवलेलं. तळी आटली, माशांना पाय फुटले नि ते दुसऱ्या तळ्याकडे चालत गेले."

"शिकवलं खरं. पण चुकीचं शिकवलं, वहिनी."

झालं. टोपली खाली उतरली, पदर खोचला गेला, दोन्ही कोपरं गडग्यावर आली. एरवी विज्ञान म्हटलं की त्यांना घरात दूध उतू जात असल्याचं आठवतं. पण कुणाचं तरी चुकलं आहे असा नुसता वास आला की त्या हलत नाहीत.

"कुणाचं चुकलं? तुमचं की पुस्तकाचं?"

"दोघांचं. आधी ही निवटी. ही आपली पूर्वज नाही, आपल्या भावकीतली पण नाही. ही बांगड्या-बोंबलाच्या घराण्यातली. तिचा पर उघडून बघा, नुसत्या काड्या, छत्रीच्या असतात तशा. आपलं घराणं वेगळं. त्या माशांच्या पराच्या बुडाशी मांसल देठ असायचा नि देठात हाडं. आधी एक जाड हाड, त्याच्यापुढे दोन, त्याच्यापुढे बारीक हाडांचा घोस."

वहिनींनी स्वतःचा हात पुढे धरला. दंड चाचपला, कोपराखालची दोन हाडं चाचपली, मनगट फिरवलं. "एक, दोन, नि हे खडे."

"तेच. कॅनडातल्या क्वेबेकमधे मिग्वाशा नावाची जागा आहे, तिथे यूस्थेनॉप्टेरॉन नावाचा मासा दगडात सापडतो. सुमारे ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. दिसायला अस्सल मासा, खवल्यांसकट. पण पराच्या आत हे एक-दोन-घोस अगदी असंच."

"मग त्या घराण्यातलं आता कोण उरलंय?"

"आपण. बेडूक, पाली, कोंबड्या, गाई. आणि पाण्यात राहिलेले थोडे, फुप्फुसाचे मासे नि सीलाकँथ. हा सीलाकँथ संपून सहासात कोटी वर्षं झाली असं सगळे धरून चालले होते. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरावर मार्जरी कोर्टने-लॅटिमर नावाची संग्रहालयातली मुलगी मासे बघायला गेली, आणि ट्रॉलरच्या ढिगात तिला हे निळं पाच फुटी धूड दिसलं. न्यायचं कसं? टॅक्सीवाला आधी घेईचना, वास येतो म्हणून."

"आमच्या टोपल्यांना एसटीत तेच ऐकावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "पुढे."

पुढची गोष्ट ग्रीनलंडची, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडते, कारण तिच्यात वारसाहक्क आहे, दिरंगाई आहे, आणि एका बाईने खण उपसून सगळ्यांचं पितळ उघडं पाडणं आहे.

१९३१ साली पूर्व ग्रीनलंडच्या बर्फाळ डोंगरांत डॅनिश मोहीम गेली. तिच्यात गुन्नार सेवे-सॉडरबर्ग नावाचा २१ वर्षांचा स्वीडिश पोरगा होता. त्याला तिथे कवट्यांचे दगड मिळाले. प्राणी चौपाया, पण माशाच्या खुणा अंगावर तशाच. पुढच्याच वर्षी त्याने त्याचं बारसं केलं, इक्थिओस्टेगा. सुमारे ३६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा जगातला सर्वात जुना चौपाया तोच. पोरगा हुशार, सत्ताविशीत उप्सालाला प्राध्यापक झाला, आणि क्षयाने १९४८ साली गेला. वय ३८.

वहिनींनी च्यक् केलं. "मग ते दगड?"

"एरिक यार्विककडे आले. तोही त्या मोहिमांतलाच. माणूस कमालीचा नेटका, पण सावकाश. एवढा सावकाश की इक्थिओस्टेगावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला १९९६ साली."

"थांबा. ३१ ते ९६?" वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "आमच्या सासऱ्यांच्या जमिनीचा दावा त्याच्याआधी निकालात निघाला."

मधे मधे त्याने लिहिलं, नाही असं नाही. शेपटीला माशासारखा पर होता हे १९५२ साली त्यानेच सांगितलं. दुसऱ्या एका चौपायाचं अकॅन्थोस्टेगा हे नावही त्याचंच. पण इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाचं जे चित्र त्याने काढलं त्यात बोटं होती पाच. बेडकाच्या मागच्या पायाला पाच, माणसाला पाच, म्हणून मूळ पुरुषालाही पाच. माझं आपलं मत असं की एवढा नेटका माणूससुद्धा मोजायच्या आधी आकडा ठरवून बसला होता. आणि मूळ दगड त्याच्या ताब्यात, त्यामुळे दुसऱ्या कुणी मोजायचा प्रश्नच नव्हता. जगभरच्या पुस्तकांत तेच चित्र. त्यावरून मी फळ्यावर काढायचो. चांगलं जमायचं, हे आता सांगून काय उपयोग?

"आणि ती बाई?"

"जेनी क्लॅक. केंब्रिजच्या संग्रहालयातली. सुट्टीत मोटारसायकल उडवणारी."

"असं?" वहिनींना ती बाई तेवढ्यावरच पसंत पडली.

क्लॅकबाईंना कळलं की केंब्रिजचाच एक विद्यार्थी १९७० साली ग्रीनलंडला जाऊन आलाय. त्याला शोधायचे होते खडक, हाडं नव्हेत. पण त्याच्या वहीत एका डोंगरउतारावर इक्थिओस्टेगाच्या कवटीची हाडं पुष्कळ आहेत अशी नोंद होती, आणि त्याने आणलेले दगड केंब्रिजच्याच खणात पडून होते. म्हणजे डबा फडताळात आणि आपण गावभर शोधतोय. १९८७ च्या उन्हाळ्यात त्या स्वतः गेल्या, बरोबर नवरा, पेर आल्बर्ग नावाचा विद्यार्थी, कोपनहेगनचे एक तज्ज्ञ. उतारावर अकॅन्थोस्टेगाच्या हाडांचे दगडच दगड. ते घेऊन घरी आले, मग सूक्ष्मदर्शकाखाली महिनोन् महिने टोकरत बसणं. मायकेल कोट्स नावाचा त्यांचा सहकारी पुढच्या पायाचा पंजा मोकळा करत होता.

"एक बोट निघालं. दोन. तीन. चार. पाच."

"बरं."

"सहा. सात. आठ."

वहिनी एकदम काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "सहावं बोट असलं की नशीबवान म्हणतात. आठवाल्याला काय म्हणायचं?"

१९९० साली दोघांनी ते छापलं. अकॅन्थोस्टेगाच्या हाताला आठ बोटं. इक्थिओस्टेगाचाही एक मागचा पाय त्यांना मिळाला होता, तो मोजला तर सात. रशियातल्या तुला भागातला तुलेरपेटॉन १९८४ साली उजेडात आला होता, त्याला सहा. तेव्हा विचित्र वाटला तो एकदम शहाण्यांत जमा झाला. पाच हा आकडा मूळचा नव्हेच. तो मागाहून ठरला, आठ, सात, सहा असं करून बघितल्यावर.

"पण मास्तर, आठ बोटं घेऊन ते चालायचं कसं?"

"तेच तर. ते चालतच नव्हतं."

भानगड खरी इथे आहे. या अकॅन्थोस्टेगाला पाय होते, बोटं होती, पण आत माशासारखे कल्लेही होते. शेपटीला पोहण्याचा रुंद पर. बरगड्या आखूड, जमिनीवर पडला असता तर स्वतःच्याच वजनाने धाप लागली असती. मनगट असं नव्हतंच, पंजा वल्ह्यासारखा. म्हणजे पाय फुटले ते पाण्यात, पाण्यातल्या कामासाठी. तळं आटलं, मासा दुसऱ्या तळ्याकडे निघाला, म्हणून पाय आले ही गोष्ट आल्फ्रेड रोमर नावाच्या मोठ्या अमेरिकन प्राध्यापकाने जगभर पोचवली होती. ती उलटी झाली. आधी पाय. जमीन त्यानंतर कितीतरी काळाने.

"पाण्यात पाय कशाला लागतात?" मी जरा शिक्षकी थाटात विचारलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"का?" वहिनी म्हणाल्या. "खाजणात कमरेभर पाण्यात, कांदळाच्या मुळांत, पोहता येतं का तुम्हाला? तिथे रेटायचंच लागतं. हाताने मूळ धरायचं, अंग पुढे ओढायचं. नि डोकं वर ठेवायचं, श्वासाला."

माझं उत्तर मी परत खिशात घातलं. त्यात 'उथळ नदीतल्या वनस्पतींची दाटी' असे शब्द होते, अर्थ तोच होता. फक्त एवढंच जोडलं की श्वासाची सोय तर पायांच्याही आधीची, फुप्फुसं त्या माशांना केव्हाच होती.

"आणि अजून एक ऐका. फ्रान्समधे ग्रनोबलला क्ष-किरणांचं एक प्रचंड यंत्र आहे. २०१६ साली त्यात या अकॅन्थोस्टेगाची दंडाची हाडं न फोडता आतून बघितली. झाडाच्या खोडात असतात तशी वाढीची वलयं त्यात मोजता आली. निदान सहा वर्षांचे होते सगळे, आणि तरी एकही वयात आलेला नाही! सगळी पोरंच. एका जागी मेलेली. दंडाचं हाड कडक व्हायलाच त्यांना फार उशीर लागायचा, लहानपणभर ते कूर्चाचंच. तसल्या मऊ हातावर कोण अंग पेलणार?"

"मोठी माणसं कुठे गेली होती?"

"सापडलेली नाहीत."

"सोडून गेली असतील," वहिनी म्हणाल्या, आणि हा विषय त्यांच्या दृष्टीने तिथेच संपला.

मग त्यांनी विचारलं, मासा नि हा आठबोट्या यांच्या मधलं कुणी नाही का? आहे, आणि तो तर फारच प्रसिद्ध झाला. नील शुबिन आणि टेड डेश्लर हे दोघे अमेरिकन. एका पाठ्यपुस्तकातला नकाशा बघताना त्यांच्या ध्यानात आलं, की हव्या त्या वयाचे नदीकाठचे खडक तीन ठिकाणी आहेत. अमेरिकेच्या पूर्वेला शोधून झालंय, ग्रीनलंडला शोधून झालंय, उत्तर कॅनडाच्या बेटांवर कुणी फिरकलेलं नाही. १९९९ पासून ते तिकडे जात राहिले. तिथला उन्हाळा दोन महिन्यांचा, येणंजाणं हेलिकॉप्टरने, बंदूक अस्वलासाठी. २००४ साली एल्झमिअर बेटावर कड्यातून एक चपटं तोंड बाहेर आलेलं दिसलं.

नाव काय ठेवायचं? ही गोष्ट मला त्या हाडांइतकीच आवडते. बेट नुनावुतमधलं, जमीन इनुइट लोकांची, म्हणून तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, टिकटालिक. त्यांच्या भाषेत मोठा गोड्या पाण्यातला मासा. २००६ च्या एप्रिलात हे नाव जगाला कळलं. आपल्याकडे परदेशी साहेबांची नावं लावलेले किती दगड संग्रहालयांत पडले असतील, त्यांच्याशी तुलना करून बघा.

"वय ३७ कोटी ५० लाखांच्या आसपास. काही नऊ फुटांपर्यंतचे. खवले आहेत, कल्ले आहेत, परांच्या टोकाला काड्या आहेत, मासाच. पण परात खांदा, कोपर, मनगटाची हाडं, जोर काढण्याइतकी. डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वर. आणि मान."

"मान?"

"माशाला मान नसते, वहिनी. तुम्ही रोज कापता. डोक्याची हाडं खांद्याच्या हाडांना जोडलेली असतात, कल्ल्याच्या झाकणामागे. माशाला मागे बघायचं तर अख्खा मासा वळतो."

वहिनींनी टोपलीतली एक निवटी उचलली, अंगठ्याने कल्ल्यामागे दाबून बघितलं, मान डोलावली. "कापताना सुरी इथेच अडते."

"टिकटालिकची ती हाडंच गेली. डोकं खांद्यापासून सुटलं. अंग न हलवता आजूबाजूला बघणारा बहुधा तो पहिल्यांतला."

"म्हणजे गडग्यावरून डोकावणं त्याच्यापासून सुरू झालं," वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या हसल्या की आतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

इथपर्यंत ओळ सरळ होती. यूस्थेनॉप्टेरॉन, टिकटालिक, अकॅन्थोस्टेगा, उतरंड रचल्यासारखी. आणि नेमकी अशी उतरंड रचून झाली की कुणीतरी काडी टाकतो. २०१० च्या जानेवारीत पोलंडमधून बातमी आली. झाखेल्मिये नावाच्या गावी जुन्या बंद पडलेल्या दगडखाणीत पावलांचे ठसे. काहींत बोटंही दिसतात. आणि वय सुमारे ३९ कोटी वर्षं, म्हणजे टिकटालिकच्या दीड कोटी वर्षं आधी!

"म्हणजे नातू जन्मायच्या आधी पणतू चालून गेला?"

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. अर्थ असा की टिकटालिक आपला आजोबा नाही. तो आजोबांच्या काळची राहणी पुढे चालवत राहिलेला चुलत आजोबा. हाडं सापडतात ती जगलेल्यांतल्या लाखातल्या एकाची, तेव्हा पहिला सापडेल ही आशाच धरू नये. काहींना ते ठसे चौपायांचे वाटतच नाहीत. माशांनी खाणं शोधताना किंवा घरटी करताना उकरलेले खळगे आहेत, असं त्यांचं म्हणणं. भांडण चालू आहे. मला विचाराल तर मी पोलंडवाल्यांच्या बाजूचा. एका पावलामागे दुसरं असं अंतर राखून उकरत जाणारा मासा मला तरी माहीत नाही.

मासा नि चौपाया यांच्या मधल्यांत आणखी एकाची भर पडली. मिग्वाशाला २०१० साली एल्पिस्टोस्टेगे नावाच्या माशाचा अख्खा सांगाडा मिळाला, पाच फुटी. २०२० साली आतून बघितल्यावर कळलं की पराच्या आत, खवल्यांखाली, बोटांची हाडं आहेत. बोटं होती, मोजे काढले नव्हते.

"आणि वर येऊन कुणी परत गेलं नाही का पाण्यात? मुंबईला जाऊन न जमलेले परत येतात तसे?"

हा प्रश्न मी तीस वर्षांत एकाही मुलाकडून ऐकला नव्हता. गेलं की! टिकटालिक मिळाला त्याच वर्षी, काही दिवस आधी, त्याच बेटावर एक तुकडा उचलून ठेवला होता. तो २०२० पर्यंत नीट बघितलाच गेला नाही. २०२२ साली त्याचं नाव ठेवलं, किकिक्तानिया. टिकटालिकचा जवळचा नातेवाईक, पण दंडाचं हाड गुळगुळीत. अंग रेटणारे स्नायू धरायला ज्या कडा लागतात त्या नाहीत. रेटण्याचा उद्योग सोडून मोकळ्या पाण्यात पोहायला परत गेलेला.

"शहाणा," वहिनी म्हणाल्या.

खरे जमिनीवर चालणारे यानंतरचे. आणि तिथे दीड कोटी वर्षांची मोठी फट होती, हाडंच सापडत नव्हती. रोमरच्याच नावाने ती ओळखली जाते. त्या फटीतला एक नग स्कॉटलंडमधे डम्बार्टनजवळ १९७१ साली मिळाला होता, आणि ग्लासगोच्या संग्रहालयात मासा म्हणून चिठ्ठी लावून ठेवला होता. चिठ्ठी खोटी हे क्लॅकबाईंनीच दाखवलं, २००२ साली. पेडेर्पेस. पाऊल बाजूला नव्हे, पुढे वळलेलं, चालायचं पाऊल. म्हणजे दुसऱ्यांदा खण उपसून निघालेलं. या बाई २०२० साली गेल्या.

"आपल्याकडे नाही का असलं काही? या खडपात?"

"या खडपात नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. त्याच्यापुढे हे सगळे खापरपणजोबा. पण विदर्भात आहे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावाजवळ चपट्या डोक्याच्या एका उभयचराची कवटी निघाली होती. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं तिथे कॉलेज आहे, त्यांच्या खटपटीतून. लंडनला रिचर्ड ओवेनने १८५५ साली तिचं नाव ठेवलं, ब्रॅकिऑप्स. आपल्या या गोष्टीनंतर दहा-बारा कोटी वर्षांनी जन्मलेली, पण घराणं तेच."

वहिनींनी टोपली उचलली. ऊन डोक्यावर आलं होतं. "मग ती आमची तुमच्या अळूतली?"

मी पाहिलं. निवटी तिथे नव्हती. चिखलात दोन रांगांत टेकल्याच्या बारीक खुणा होत्या, ओहोळाकडे जाणाऱ्या. माझ्या बाजूने गेली असली तरी हिशेबात धरली नाही, असं वहिनींनी जाहीर केलं.

संध्याकाळी गडग्यावरून झाकलेली वाटी आली. निवट्यांचं सुकं, वर कोथिंबीर. जेवताना एकीचा पुढचा पर मी ताटाच्या कडेला नीट सोडवून ठेवला. काड्या मोजल्या, बारा भरल्या. बुडाशी दंडाचं हाड नव्हतं.